चाकाचा योगक्षेम

संस्कृतांत ‘योगक्षेम’ असा एक सामासिक शब्द आहे. आपण तो इतक्या सहजपणें उच्चारतों कीं, त्यांत दोन निरनिराळे अर्थ नांदत आहेत याचें भानहि आपणांस राहत नाहीं. जें अद्याप हातीं आलें नाहीं तें मिळविणें हा योग. जें हातीं आलें आहे तें राखणें हा क्षेम. संसार चालवावयाचा म्हणजे हीं दोन्ही कामें एकाच वेळीं करावीं लागतात. पण व्यवहारांत हे दोघे भाऊ एका ताटांत क्वचितच जेवतात. मुलाच्या शिक्षणासाठीं पैसा काढावा तर आजारपणासाठीं राखलेली पुंजी कमी होते. पुंजी राखावी तर शिक्षण खुंटतें. एकास वाढावयाचें तर दुसऱ्याच्या पानांतूनच काढावें लागतें.

या महिन्यांत हा शब्द आम्हांस आठवला तो एका अगदीं सामान्य वस्तूच्या निमित्तानें. ती वस्तु म्हणजे सायकलीचा टायर.

नागांवच्या एका एकत्र कुटुंबांतून आमच्याकडे पत्र आलें आहे. लिहिणारे गृहस्थ त्या घरांतील आजोबा आहेत. त्यांचा थोरला नातू मुंबईस नोकरी करतो. २०२० सालच्या मार्च महिन्यांत भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट सुरू झाली, तेव्हांपासून मोटारींच्या जोडीनें सायकलीहि त्या बोटींतून आपल्या किनाऱ्यास येऊं लागल्या आहेत. हा नातूहि सुटीच्या दिवशीं तसाच येतो, घरीं चहा घेऊन मित्रांबरोबर मुरुडापर्यंत जातो, आणि सायंकाळच्या बोटीसाठीं परत फिरतो. यंदां त्यानें सायकलीस अत्यंत हलके, पातळ व महाग टायर घातले. आजोबांचें म्हणणें असें कीं, असले कागदी टायर आपल्या रस्त्यांस उपयोगाचे नाहींत; सहा महिन्यांत दोनदां पंक्चर झालें, आणि एकदां तर त्यापायीं बोट चुकली. नातवाचें म्हणणें असें कीं, जाड टायर घालून सायकल चालविणें म्हणजे भातखाचरांतून चालणें आहे. मग त्यांत आनंद तो काय राहिला? दोघांनीं मिळून आम्हांस पंच नेमलें आहे. पत्राच्या शेवटीं आजोबांनीं आणखी एक ओळ सहज लिहिली आहे: “धाकटी नात रोज सायकलीनें अलिबागेस कॉलेजांत जाते, पण तिला असलें कांहीं खूळ नाहीं, तिची सायकल जुनीच आहे, आहे त्या टायरांवर चालते.” या ओळीकडे आम्ही पुढें येणारच आहों.

प्रथम रस्त्याची ओळख करून घेऊं. मांडव्याहून अलिबाग सुमारें वीस किलोमीटर. अलिबागेहून आक्षी, नागांव, चौल व रेवदंडा येथील वाड्यांच्या सावलींतून जाऊन कुंडलिकेच्या मुखाजवळचा पूल ओलांडावा, आणि काशीदवरून मुरुड गांठावें. हे आणखी सुमारें पन्नास. त्याहीपुढें जावयाचें तर आगरदांड्यास बोटींत बसून राजपुरीची खाडी उतरावी, कीं दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर अशी वाट आहे. १९८१ पर्यंत हा मुलूख कुलाबा जिल्हा या नांवानें ओळखला जाई. कोठें नारळी-पोफळी, कोठें सुरूचीं बनें, मध्येंच समुद्राचें दर्शन. सायकलीवरून पाहण्यासाठींच हा रस्ता केला आहे असें वाटावें.

पण स्वाराची दृष्टि समुद्राकडे असते आणि चाकाची रस्त्याकडे. चाकास जें भेटतें तें निराळेंच. कुंपणासाठीं तोडून नेलेल्या बाभळीचे व बोरीचे कांटे. पावसानें उतारावरून वाहून आणलेली जांभ्याची खडी. सुटीस आलेल्या मंडळींनीं फोडून टाकलेल्या बाटल्यांच्या कांचा. आणि सर्वांत कपटी शत्रु म्हणजे मालमोटारींच्या झिजलेल्या टायरांतून सुटलेली केंसासारखी बारीक पोलादी तार. ती डोळ्यांस दिसत नाहीं. बोटास टोंचते तेव्हांच कळते. त्यांतून पाऊस पडला म्हणजे आणखी एक गोष्ट घडते. ओलें रबर कोरड्या रबरापेक्षां सहज कापलें जातें, कारण पाणी तेथें वंगणाचें काम करतें. जी कांच मे महिन्यांत चाकाखालून निमूटपणें निसटली असती, तीच जुलैंत आंत शिरते.

वेग आणि कांटा यांचें हें वैर आजचें नव्हे. आपल्या बैलगाडीच्या चाकावर लोखंडाची जी पट्टी तापवून चढवितात, तिला मराठींत ‘धांव’ म्हणतात. धांवेला कांटा लागत नाहीं. पण तिच्यावरून प्रवास केलेल्यांचीं हाडें मात्र पुढें दोन दिवस बोलत राहत. आरंभींच्या सायकलीहि लोखंडी धांवेवर आणि नंतर भरीव रबरावर चालत. रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालीं हवेनें भरलेल्या चाकाचें पेटंट घेतलें होतें, परंतु ती कल्पना काळाच्या फार पुढें असल्यामुळें विसरली गेली. १८८८ सालीं बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनीं आपल्या मुलाच्या तीनचाकीवर रबरी नळी बसवून तींत हवा भरली, आणि ती कल्पना पुन्हां जन्मास आली. पुढच्याच वर्षीं विल्यम ह्यूम नांवाच्या स्वारानें असले टायर घालून शर्यती जिंकल्या, आणि थोड्याच काळांत शर्यतीच्या मैदानांतून भरीव रबर नाहींसें झालें. पण डनलॉपचा टायर चाकास चिकटविलेला असे. कांटा लागला म्हणजे दुरुस्तीस फार वेळ मोडे. फ्रान्समधील मिशलिन बंधूंनीं १८९१ सालीं काढतां-घालतां येणारा टायर तयार केला, आणि त्याच वर्षीं पॅरिसहून ब्रेस्टपर्यंत व परत अशा शर्यतींत शार्ल तेरों हा स्वार तो टायर घालून पहिला आला.

या इतिहासापासून आजोबा व नातू या दोघांनींहि एक एक बोध घ्यावा. आजोबांनीं हा घ्यावा कीं, पूर्ण क्षेम मनुष्याच्या हातीं आधींच होता. भरीव रबरास कांट्याचें भय नव्हतें. तरीहि जगानें तें टाकून हवा पत्करली, कारण न फुटणें एवढाच चाकाचा धर्म नाहीं. नातवानें हा घ्यावा कीं, मिशलिनचा टायर नांवाजला तो कांटा लागल्यावर लवकर दुरुस्त होई म्हणून. हा दुसरा बोध आम्हांस पुढें फार उपयोगीं पडणार आहे.

आतां टायर वेग कसा खातो तें पाहूं. चाक फिरतांना रस्त्यास टेकलेला भाग दबतो, आणि पुढें सरकतांच पुन्हां पूर्ववत् होतो. दबतांना त्यांत जितके श्रम शिरतात तितके सारे रबर परत करीत नाहीं. जुन्या काळचा सराफ नाणें मोडून देतांना जसा वटाव कापून घेई, तसा प्रत्येक फेऱ्यास रबर आपला वटाव कापून घेतें, आणि तो उष्णतेच्या रूपानें नाहींसा होतो. थर जितका जाड व ताठर, तितका वटाव अधिक. म्हणून वेगाचे टायर करणारे बारीक सुताचें, दाट विणीचें, लवचिक कापड घेऊन त्यावर रबराचा पातळ लेप देतात. उलट कांट्यापासून रक्षण करावयाचें तर कापडाच्या व रबराच्या मध्यें चिलखताचा पट्टा घालावा लागतो. कांहीं कारखाने हा पट्टा केवलारसारख्या कृत्रिम धाग्याचा करतात. हा धागा स्टेफनी क्वोलेक या विदुषीनें १९६५ सालीं अमेरिकेंतील ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेंत शोधून काढला, आणि बंदुकीच्या गोळीपासून वांचविणारीं जाकिटेंहि त्याचींच होतात. दुसरे कारखाने पांच मिलिमीटर जाडीचा मऊ रबराचा थर घालतात. कांटा त्यांत रुतून बसतो, परंतु ट्यूबपर्यंत पोंचत नाहीं.

हें अंतर किती? प्रयोगशाळेंत पोलादी पिंपावर, चाळीस किलोंच्या आसपास भार देऊन टायर फिरवितात आणि त्यापायीं किती शक्ति खर्ची पडते तें वॅट या मापांत मोजतात. ताशीं सुमारें २९ किलोमीटर वेगास शर्यतीचा उत्तम टायर सुमारें १० वॅट खातो. चिलखती टायर सुमारें २०. म्हणजे दुप्पट.

दुप्पट हा शब्द ऐकून नातू आजोबांकडे विजयानें पाहील. पण शिक्षकाची जात गणित पुरें केल्यावांचून फळ्यापासून हटत नाहीं. समजा, स्वार व सायकल मिळून वजन ८५ किलो, आणि स्वार १०० वॅट शक्तीनें पायडल मारीत आहे. रस्ता सपाट असून वारा पडलेला आहे. या स्थितींत बहुतेक शक्ति समोरची हवा कापण्यांतच खर्च होते. टायरांच्या वांट्यास हलके असतील तर सुमारें सहावा भाग जातो, चिलखती असतील तर सुमारें तिसरा. हिशोब मांडला असतां हलक्या टायरांवर ताशीं सुमारें साडेपंचवीस किलोमीटर वेग येतो, आणि चिलखती टायरांवर सुमारें चोवीस. मांडव्याहून मुरुड सत्तर किलोमीटर धरलें, तर एकास पावणेतीन तास लागतील आणि दुसऱ्यास दहा मिनिटें अधिक. वेगाचा सारा वाद या दहा मिनिटांचा आहे.

आतां दुसरें पान उलटूं. वाटेंत पंक्चर झालें असतां चाक काढणें, कांटा शोधणें, ट्यूब बदलणें व हातपंपानें हवा भरणें यांस सराईत हातालाहि दहा ते पंधरा मिनिटें लागतात. म्हणजे सत्तर किलोमीटरांत एकच कांटा लागला तरी वेगाची सारी कमाई बुडाली. न लागला तर दहा मिनिटें शिल्लक. नातवास सहा महिन्यांत दोनदांच कांटा लागला आहे. नुसतीं मिनिटेंच मोजावयाचीं असतील तर तो फायद्यांत आहे, हें आजोबांनीं मान्य केलें पाहिजे.

पण सर्व मिनिटें सारख्या मोलाचीं नसतात, आणि या साऱ्या प्रकरणाचें मर्म येथेंच आहे. दर खेपेस वांचलेलीं दहा मिनिटें काशीदच्या किनाऱ्यावर शहाळें पिण्यांत जातात. गमावलेलीं पंधरा मिनिटें मात्र एकदमच जातात. आणि तीं जर मांडव्याची शेवटची बोट सुटण्यापूर्वींचीं असलीं, तर त्यांची किंमत एका रात्रीएवढी होते. लाभ थेंबाथेंबानें येतो आणि तोटा घागरीनें जातो. म्हणून टायर निवडतांना प्रथम विचारावें तें हें: वाटेंत थांबावें लागलें तर काय मोजावें लागेल, आणि तें मोजणार कोण?

मोठ्या स्वारांच्या उदाहरणांवरून हें अधिक स्पष्ट होईल. २०१५ सालीं नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं जोडीनें ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत नऊ दिवसांच्या मुदतीच्या आंत पुरी केली. तींत साहाय्यक मंडळी मोटारी घेऊन स्वारांच्या सोबत असते. कांटा लागला तरी दुसरें चाक तयार असतें. थांबण्याची किंमत जवळजवळ नाहींच. अशा ठिकाणीं हलका टायर शोभून दिसतो. उलट, १९२३ सालीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले होते. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ सालीं परत आले. इराण-इराकच्या ओसाड मुलखांतून जातांना दहा मिनिटें वांचवून त्यांना काय करावयाचें होतें? चाक चालत राहणें यांतच त्यांचें सारें आलें. हल्लीं तरुणांत ‘ब्रेव्हे’ नांवाच्या दीर्घ फेऱ्यांची आवड वाढली आहे. त्यांत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करावयाचे असतात, आणि ठरलेल्या नाक्यांखेरीज वाटेंत मोटारीची मदत घेतां येत नाहीं. तेथें स्वारास दोन्ही बाजू तोलून पाहाव्या लागतात.

स्वार कोण, वाट कोणती, पाठीशीं कोण, आणि दिवसाची वेळ कोणती, यांवर टायराची निवड ठरते. हा नियम मान्य असेल, तर आतां पत्राच्या त्या शेवटच्या ओळीकडे वळावयास हरकत नाहीं.

नातीस खूळ नाहीं, ही गोष्ट आजोबांनीं तिच्या गुणांत जमा केली आहे. पण वरील चार प्रश्न तिच्याविषयीं विचारून पाहावे. नागांवहून अलिबाग सात-आठ किलोमीटर. तिच्या साध्या गतीनें हलक्या व चिलखती टायरांत फरक पडेल तो फार तर तीन मिनिटांचा. तिच्यामागें मोटार नाहीं, मित्रांचा मेळा नाहीं. ती महिन्यांतून चार वेळां नव्हे, रोज जाते. हिवाळ्यांत शेवटचा तास सुटून ती घराकडे वळते तेव्हां दिवेलागण जवळ आलेली असते. मग या घरांत वाटेंत थांबण्याची किंमत सर्वांत अधिक कोणास पडते? आणि सर्वांत वाईट टायर कोणाच्या चाकाखालीं आहेत? जुना, गुळगुळीत झालेला, कडांस चिरा पडून सूत दिसूं लागलेला टायर हलका धांवतो असें नाहीं आणि कांटाहि अडवीत नाहीं. तो योगाचाहि नव्हे आणि क्षेमाचाहि नव्हे. तो केवळ विस्मरणाचा टायर आहे.

आम्ही शाळेंत शिकवीत असतां सहा किलोमीटरांवरील एका गांवची एक मुलगी सायकलीनें शाळेस येत असे. गणितांत तिची बुद्धि चांगली चाले, म्हणून शाळा सुटल्यावर होणाऱ्या जादा तासासहि ती थांबे. एका पावसाळी संध्याकाळीं खाडीकांठच्या रस्त्यावर तिच्या सायकलीचें मागचें चाक बसलें. ती सायकल हातानें ढकलीत घरीं पोंचली तेव्हां अंधार पडला होता. तिला कांहींएक इजा झाली नाहीं, कोणीं वाटेंत अडविलें नाहीं. पण दुसऱ्या दिवसापासून सायकल पडवींत भिंतीस टेकली ती कायमची. पुढें ती एस.टी.नें येऊं लागली, आणि परतीची गाडी लवकर असल्यामुळें तिचा गणिताचा जादा तास सुटला. घरच्या मंडळींचा हेतु वाईट नव्हता. तिच्यावर त्यांची माया होती म्हणूनच त्यांना धास्ती वाटली. परंतु एका टायराच्या व दहा मिनिटांच्या विद्येच्या अभावीं त्या मुलीनें किती मोठी रक्कम भरली, याचा हिशोब त्या घरांत कोणीं मांडला असेल असें वाटत नाहीं. “वाटेंत चाक बसलें तर?” हा प्रश्न पुष्कळ घरांत विचारला जातो; दुर्दैव एवढेंच कीं, तो टायराच्या दुकानांत विचारण्याऐवजीं मुलीस विचारला जातो.

मात्र क्षेमाचाहि अतिरेक करूं नये. जाडांतला जाड टायर घालून नातीची सायकल इतकी जड करूं नये कीं, तिचें मनच त्या वाहनावरून उडावें. रोज दोन वेळां भरावा लागणारा वटाव हाहि खर्चच आहे. मध्यम जाडीचा, पट्टा घातलेला, पस्तीस मिलिमीटरांच्या आसपास रुंदीचा टायर अशा वाटेस पुरे. मात्र तो आपल्या चाकाच्या रिमवर बसतो कीं नाहीं हें दुकानांत विचारून घ्यावें. अरुंद आणि दगडासारखा कठीण टायरच वेगवान असतो, हा समज आतां मागें पडला आहे. खडबडीत रस्त्यावर कठीण टायर उसळतो आणि त्या उसळण्यांत शक्ति वायां जाते. किंचित् रुंद टायर कमी हवेवर खड्डे गिळून सुरळीत जातो. म्हणूनच शर्यतवाल्यांचे टायरहि गेल्या कांहीं वर्षांत २३ मिलिमीटरांवरून २५ व २८ वर आले आहेत. नातवानें ही गोष्ट मनावर घ्यावी.

आणखी एक नवी तोड निघाली आहे. टायराच्या किंवा ट्यूबच्या आंत रबराच्या चिकाचें द्रावण घालतात. बारीक कांटा लागला तर हवेबरोबर तें बाहेर येऊं पाहतें आणि भोकांतच थिजून तें बुजवितें. युक्ति चांगली आहे. पण हें द्रावण कांहीं महिन्यांत सुकतें, आणि आपल्याकडील उन्हाळ्यांत तर लवकरच. तेव्हां तें वेळोवेळीं पाहून पुन्हां घालावें लागतें. मोठी चीर मात्र त्यानें बुजत नाहीं.

टायर कोणताहि असो, हवेची हयगय मात्र कोणासहि परवडत नाहीं. हवा कमी असली म्हणजे खड्ड्यांत आपटतांना ट्यूब रिमच्या चिमट्यांत सांपडते आणि शेजारीं शेजारीं दोन भोकें पडतात. कांट्यास उगाच दोष लागतो. आठवड्यांतून एकदां हवा पाहावी. फेरी करून आल्यावर ओल्या फडक्यानें टायर पुसून डोळ्यांखालून घालावा. कांटा पहिल्याच फेऱ्यास आंत जातो असें नाहीं. पुष्कळदां तो रबरांत अडकून राहतो आणि फेऱ्या-फेऱ्यानें आंत ढकलला जातो. तो वेळीं उपटला तर पुढचें सारें टळतें. मागचें चाक अधिक भार वाहतें, म्हणून तें लवकर झिजतें आणि त्यालाच कांटे अधिक लागतात. परंतु सायकल वळविणें पुढच्या चाकाच्या हातीं असल्यामुळें तें धांवतांना फुटणें अधिक धोक्याचें. म्हणून नवा टायर आणला तर तो पुढें घालावा व पुढचा मागें न्यावा. झिजलेला टायर पुढें कधींहि ठेवूं नये.

आतां मिशलिनचा तो बोध. थांबण्याची किंमत टायरानें जितकी कमी होते त्याहून अधिक ती स्वतःच्या हातानें कमी होते. ज्यास पंक्चर काढतां येतें त्याचा कांटा पंधरा मिनिटांचा. ज्यास येत नाहीं त्याचा सबंध संध्याकाळचा. हमरस्त्यावर पंक्चरचीं दुकानें असतात हें खरें. पण तेथें बहुधा मोटारसायकलींचें व मालमोटारींचें काम चालतें. नातवाच्या सायकलीची बारीक तोंडाची ट्यूब त्यांच्याकडे मिळेलच असें नाहीं, आणि त्यांच्या हवेच्या नळीचें तोंड तिला बसत नाहीं. त्यासाठीं पितळेची एक लहानशी टोपी मिळते, ती त्यानें खिशांत बाळगावी.

ही विद्या घरीं एका दुपारीं येते. ट्यूबला थोडी हवा भरून ती पाण्याच्या परातींत बुडवावी. बुडबुडे येतील तेथें भोंक. तेवढी जागा पुसून, कोरडी करून, पॉलिश पेपरनें घांसावी; सोल्यूशनचा पातळ हात द्यावा, तें किंचित् सुकूं द्यावें, आणि मग ठिगळ दाबून बसवावें. येथें घाई करणाऱ्याचें ठिगळ पुढच्या वळणावर सुटतें. ठिगळाभोंवतीं शंखजिरें लावावें, म्हणजे ट्यूब टायरास चिकटत नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, ट्यूब परत घालण्यापूर्वीं टायराच्या आंतून कापसाचा बोळा फिरवावा. कांटा अगर तार उरली असेल तेथें कापूस अडकतो. हें न करणाऱ्यास तोच कांटा दुसऱ्यांदां भेटतो, आणि लोक म्हणतात कीं टायरच वाईट.

पंच म्हणून आमचा निकाल असा. नातवाचे हलके टायर राहूं द्यावेत. तो स्वतःच्या कमाईनें, दिवसाउजेडीं, मित्रांच्या सोबतीनें फिरतो. त्याच्या आनंदाचा वटाव त्यानें खुशाल भरावा. मात्र मागच्या चाकास त्यानें पट्ट्याचा टायर घालावा, जवळ दोन ट्यूब ठेवाव्या, आणि मुरुडाहून निघतांना बोटीच्या वेळेंतून अर्धा तास कांट्याच्या नांवानें बाजूस काढावा. हा अर्धा तास हातीं असेल तर हलका टायर शहाणपणाचा, नसेल तर मूर्खपणाचा.

नातीच्या सायकलीस या महिन्यांतच दोन्ही नवे टायर व दोन्ही नव्या ट्यूब घालाव्या. नातवाच्या एका टायरास जे कांहीं हजार रुपये पडले असतील, त्यांत हें सारें होऊन एक चांगला पंपहि येईल. घरांत टायरासाठीं पैसा निघावयाचा असेल, तर तो प्रथम त्या चाकासाठीं निघावा. चर्चा मागाहून करावी.

आणि येत्या सुटीस नातू नागांवास येईल तेव्हां त्यानें मुरुडास न जातां एक दुपार घरीं काढावी. अंगणांत सायकल उलटी करून बहिणीकडून तिचेंच मागचें चाक काढवावें आणि बसवून घ्यावें. एकदां नव्हे, तीनदां. त्यानें हात लावूं नये, नुसतें सांगावें. परात आजोबांनीं आणून द्यावी. तिसऱ्या खेपेस घड्याळ लावून किती मिनिटें लागलीं तेवढें मात्र आम्हांस अवश्य कळवावें.